पहिलं वाफेचं छोटं इंजिन : ३२ मिमी रुळावर खऱ्या वाफेने धावणारं मॉडेल बांधताना

दोन-सव्वादोन किलोचं, दोन हातांत मावणारं आणि खरं पाणी उकळून खऱ्या वाफेवर धावणारं इंजिन घरी बांधता येतं. त्याला कारखाना लागत नाही. छोटं लेथ मशीन, टेबलावरचं ड्रिल, तांबं लालसर होईल एवढी ज्योत आणि कानशीवर बसलेला हात एवढ्यावर काम भागतं. तरी अर्धवट सोडलेली इंजिनं पुरी झालेल्यांपेक्षा जास्त दिसतात, कारण बहुतेक जण सुरुवात बॉयलरपासून करतात. बॉयलर चकचकीत, देखणा. तो झाला की निम्मं काम संपलं असं वाटतं. मग चाकं-सिलिंडर घाईने उरकले जातात आणि पहिल्या दिवशी इंजिन जागच्या जागी फुसफुसत उभं राहतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. खालचा सांगाडा हवेवर सुरळीत फिरेपर्यंत तांब्याला हात लावायचा नाही.

१. आधी समजून घ्या : लहान झालं की काय बदलतं

१:१९ प्रमाणात लांबी १९ पट कमी होते, पृष्ठभाग ३६१ पट आणि आकारमान ६,८५९ पट. म्हणजे आतल्या वाफेच्या मानाने थंड होणारा पृष्ठभाग मोठ्या इंजिनापेक्षा १९ पट जास्त. सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेतली बरीच भिंतीला लागताच पाणी होते. त्यात पाण्याचा थेंब काही १९ पट लहान होत नाही. २ मिमीच्या नळीत तो बुचासारखा अडकतो. तेलाचा चिकटपणा आणि पॅकिंगचं घर्षणही लहान होत नाही.

ताकदीची मात्र कमतरता नसते. सिलिंडर १४ मिमी व्यासाचा, स्ट्रोक (पिस्टनचा एका दिशेचा प्रवास) १६ मिमी, चाक ३३ मिमी धरा. सिलिंडरमध्ये सरासरी फक्त ०.६ बार (०.०६ न्यूटन प्रति चौरस मिमी) दाब असला तर दोन सिलिंडर मिळून ओढ येते १४ × १४ × १६ × ०.०६ ÷ ३३, म्हणजे साधारण ५.७ न्यूटन. सव्वादोन किलोच्या इंजिनाची चाकं पोलादी रुळावर साडेपाच न्यूटनच्या आसपास घसरायलाच लागतात. म्हणजे ०.६ बार पुरतो. असं असताना इंजिन चालत नाही म्हणून बॉयलरचा दाब वाढवायचा विचार आला, तर तो तिथेच सोडा. दोष गळतीत, घर्षणात नाहीतर थंडपणात असतो.

२. गेज आणि आराखडा ठरवा

नॅरो गेजच्या मॉडेलांत रूढ असलेलं प्रमाण म्हणजे एका फुटाला १६ मिमी. त्यात दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बरोबर ३२ मिमी होतो. नेरळ-माथेरान आणि दार्जिलिंग दोन्ही दोन फुटी, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचं मन तिकडे धावणं साहजिक आहे. पण माथेरानची १९०७ च्या सुमाराची, ओरेनश्टाइन-कोपेल या जर्मन कंपनीची इंजिनं सहा जोडलेल्या चाकांची होती आणि वळणात वळणाऱ्या क्लीन-लिंडनर आसांवर चालत. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या इंजिनासाठी राखून ठेवा. बार्शी लाइट रेल्वेचं इंजिन करायचं असेल तर आणखी एक मेख आहे. तिचा गेज अडीच फूट होता, या प्रमाणात ४० मिमी, आणि बाजारात तयार रूळ मिळतात ३२ किंवा ४५ मिमीचे.

पहिल्या इंजिनासाठी हे धरा:

- चार चाकांचं, चारही चाकं जोडलेली, टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) नाही
- बाहेर दोन सिलिंडर, १४ × १६ मिमी, स्लाइड व्हॉल्व्ह (वाफेच्या फटींवर सरकून त्या उघडणारी-झाकणारी झडप)
- उलट-सुलट चालवायला स्लिप एक्सेंट्रिक, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी, आसावर दोन थांब्यांमध्ये मोकळी फिरणारी तिरकेंद्री चकती (इंजिन हाताने अर्ध्या फेऱ्याहून थोडं कमी ढकललं की दिशा बदलते)
- बॉयलरमधून जाणारी एकच फ्लू नळी (हिच्यात ज्योत जळते), ब्यूटेनचा बर्नर
- चालू दाब २.८ बार, म्हणजे ४० पीएसआय

कोळशाचा मोह टाळा. एवढ्याशा भट्टीत कोळसा पेटता ठेवणं हे स्वतंत्र कसब आहे. ऑसिलेटिंग (स्वतःच डुलणारे) सिलिंडर बनवायला सोपे असतात, पण सरकत्या पृष्ठभागातून गळतात आणि हळू चालवताना रडवतात. स्लाइड व्हॉल्व्हला चार संध्याकाळी जास्त लागतील, त्या द्या.

३. सामान आणि हत्यारं

साहित्य:

- तांब्याची नळी ५४ मिमी बाहेरचा व्यास, १.२ मिमी जाडी, १५० मिमी लांब. फ्लूसाठी २२ मिमी व्यासाची. रुग्णालयांच्या ऑक्सिजन लाइनसाठी या मापांच्या नळ्या वापरतात. त्या कंत्राटदारांकडे तुकडे उरलेले असतात
- तांब्याचा पत्रा २ मिमी, दोन्ही टोकांच्या झाकणांसाठी
- गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा गज : बुश, सिलिंडर, व्हॉल्व्ह यांसाठी
- सिल्व्हर स्टील ५ मिमी (आस), स्टेनलेस ३ मिमी (पिस्टन रॉड)
- माइल्ड स्टीलची पट्टी २ मिमी (फ्रेम), ३ मिमी (रॉड)
- ३ मिमी बाहेरच्या व्यासाची तांब्याची नळी, वाफेसाठी
- व्हायटॉन (उष्णता सोसणारं रबर) ओ-रिंग १० × २ मिमी, शिवाय पीटीएफई टेप
- ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली ब्रेझिंग तार आणि तिचाच फ्लक्स

हत्यारं: डिजिटल व्हर्नियर, ३ आणि ५ मिमी रीमर, ०.५ मिमीपासूनची ड्रिल बिटं, एम २, एम २.५, एम ३ चे टॅप-डाय आणि पाव इंच × ३२ चा टॅप. हा शेवटचा आटा इकडच्या दुकानात सहसा नसतो, पण परदेशातून आणलेले सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज बऱ्याचदा त्याच आट्याचे असतात. ब्रिटिश आराखड्यात स्क्रू बीए या जुन्या ब्रिटिश मापात असतात. ६ बीएच्या जागी एम ३ किंवा एम २.५ आणि ८ बीएच्या जागी एम २ चालतो, फक्त आराखडाभर एकदाच बदल करून ठेवा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात उद्यमनगर, इथे बाकीचं बहुतेक मिळून जातं. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, गॅसची टाकी आणि गॅसचा जेट या चार गोष्टी मात्र पहिल्या इंजिनासाठी तयारच विकत घ्या.

लेथकाम बाहेर द्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा. एका नगाचं काम लेथवाल्याला नकोसं असतं आणि "पॉइंट एक चालून जाईल" हे त्याचं ठरलेलं उत्तर. कागदावर नुसतं "१४ मिमी" लिहू नका. जो भाग त्यात बसायचा आहे तो सोबत न्या आणि बसवून पाहूनच पैसे द्या.

४. फ्रेम आणि चाकं

दोन्ही फ्रेमपट्ट्या एकमेकींना चिकटवून किंवा रिव्हेट मारून एकत्रच भोकं पाडा. आसांमधलं अंतर ५५ मिमी ठेवा. कपलिंग रॉडची (चाकांना जोडणाऱ्या पट्टीची) भोकंही याच फ्रेमला जिग, म्हणजे साचा, समजून पाडायची, वेगळं मोजून नाही. मोजण्यात ०.१ मिमी चूक झाली तरी चालेल, पण फ्रेम आणि रॉड यांची चूक एकच असली पाहिजे.

चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर २८ मिमी. एका बाजूचा क्रँक दुसरीच्या ९० अंश पुढे बसवायचा. तो कोन ८९ झाला की ९१, याने फारसं बिघडत नाही. दोन्ही आसांवर तो अगदी सारखा हवा. त्यासाठी साधा जिग करा आणि चाकं त्यातच रिटेनिंग कंपाउंडने (धातू पक्का धरणाऱ्या चिकटद्रव्याने) बसवा. ते रात्रभर सुकू द्या. इथे घाई केली की पहिल्याच वाफेला चाक आसावर फिरतं.

क्रँकपिन ३ मिमी असेल तर रॉडचं भोक ३.१ मिमी. घट्ट बसणारा रॉड बघायला छान वाटतो, पण प्रत्येक फेऱ्यात दोनदा अडतो. चाचणी सोपी आहे: रॉड लावून चॅसिस तिरक्या फळीवर ठेवा. स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता खाली घरंगळत आली पाहिजे. एका ठरावीक जागी अडत असेल तर तिथे खूण करा, एकेक रॉड काढून बघा आणि ज्याने अडतं त्याचं भोक गोल कानशीने केसभर मोकळं करा.

५. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह

सगळा खेळ इथे आहे, म्हणून सवडीने करा.

सिलिंडरची लांबी = स्ट्रोक १६ + पिस्टनची जाडी ६ + दोन्ही टोकांना ०.५ मिमी मोकळीक, म्हणजे २३ मिमी. मोकळीक अजिबात नसेल तर साचलेलं पाणी पिस्टन आणि झाकण यांत दाबलं जाऊन स्क्रू उपटतं. खूप जास्त ठेवली तर प्रत्येक स्ट्रोकला तेवढी वाफ फुकट जाते.

पिस्टनवर एकच ओ-रिंग. तिच्या खाचेचा तळ १०.२ मिमी व्यासाचा आणि रुंदी २.४ मिमी. म्हणजे २ मिमीची रिंग ०.१ मिमी दाबली जाते. एवढंच पुरे. पुस्तकी हायड्रॉलिकच्या मापाने १५-२० टक्के दाबली तर पिस्टन हाताने ढकलतानाच जड लागतो आणि इंजिन एकतर उभं राहतं नाहीतर सुसाट सुटतं. मधला वेग मिळत नाही. काळ्या साध्या नायट्राइल रिंगा वाफेत काही दिवसांत कडक होतात, त्या वापरू नका.

व्हॉल्व्हची मापं एकमेकांवर अवलंबून असतात. एक बदललं की सगळी पुन्हा काढावी लागतात. हा एक जुळलेला संच:

- वाफेची फट १.२ मिमी, बाहेर जाण्याची फट २.४ मिमी, मधल्या भिंती १.६ मिमी
- म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ८ मिमी
- लॅप (मध्यावर असताना व्हॉल्व्ह फटीच्या बाहेरच्या कडेपलीकडे जेवढा जातो ते माप) ०.४ मिमी, म्हणून व्हॉल्व्हची लांबी ८.८ मिमी आणि पोटातला खळगा ५.६ मिमी
- व्हॉल्व्हचा प्रवास ३.२ मिमी, म्हणून एक्सेंट्रिकचं केंद्र आसाच्या केंद्रापासून १.६ मिमी बाजूला

एक्सेंट्रिक क्रँकच्या पुढे ९० अधिक १४.५, म्हणजे साधारण १०४.५ अंश. पुढे आणि मागे दोन्हीकडे तेवढंच हवं, म्हणून स्लिपच्या दोन थांब्यांमध्ये एक्सेंट्रिक १५१ अंश मोकळं फिरलं पाहिजे. नवखे इथे सरळ १८० अंश ठेवतात. मग एका दिशेला ठीक चालणारं इंजिन दुसऱ्या दिशेला लंगडतं आणि दोष पिस्टनमध्ये शोधत बसावं लागतं.

व्हॉल्व्ह आणि त्याखालचा पृष्ठभाग काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. दोन्हींवर मार्करची शाई लावायची आणि आठाच्या आकड्यात फिरवत राहायचं. शाई सगळीकडून सारखी गेली की पृष्ठभाग सपाट झाला. कोपऱ्यात निळा ठिपका उरला असेल तर वाफ नेमकी तिथूनच निसटणार. व्हॉल्व्ह त्याच्या दांड्यात घट्ट बसवू नका. त्याला वर-खाली किंचित मोकळीक हवी, म्हणजे वाफच त्याला खाली दाबून धरते.

टायमिंग बसवताना वाफपेटीचं (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या पेटीचं) झाकण काढा. चाक हाताने फिरवून पिस्टन अगदी पुढच्या टोकाला आणा. पुढची फट त्याच क्षणी उघडायच्या बेतात हवी. मागच्या टोकाला तेच पाहा. दोन्हीकडे फरक असेल तर व्हॉल्व्हचा दांडा आट्यावर लांब-आखूड करून अर्धा फरक काढायचा. पूर्ण काढलात तर चूक फक्त बाजू बदलते.

६. हवेची परीक्षा

गाडीच्या टायरचा छोटा कॉम्प्रेसर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर जोडा. तेलाचे दोन थेंब टाकून चॅसिस उलटी धरा. सुरुवातीला १५ पीएसआय लागेल. तासभर फिरवून रुळल्यावर ५ पीएसआयवर, दोन्ही दिशांना, चाक न ढकलता सुरू झाली पाहिजे. हवा थंड होऊन पाणी होत नाही, म्हणून वाफेला थोडा जास्त दाब लागणारच. हवेवर १० पीएसआय मागणारी चॅसिस वाफेवर समाधान देत नाही. ही पायरी पार होईपर्यंत पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

७. बॉयलर

आधी हिशेब. नळीच्या भिंतीवरचा ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी). ०.२८ × ५४ ÷ २.४ = ६.३ न्यूटन प्रति चौरस मिमी. तापवून नरम झालेल्या तांब्याची ताकद २०० धरली आणि आठपट सुरक्षितता ठेवली तरी २५ पर्यंत परवानगी आहे. नळीची चिंता नको. धोका असतो जोडांत आणि सपाट टोकांत.

*टोकाची झाकणं.* नळीचा आतला व्यास ५१.६ मिमी. पोलादी किंवा कठीण लाकडाचा ४७.४ मिमीचा साचा घ्या आणि पत्र्याची कड त्यावर ठोकून वळवा. तांबं ठोकता ठोकता कडक होतं आणि कडेला चिरतं, म्हणून फिकट लाल तापवा, पाण्यात बुडवा आणि मग ठोका. आवाज बोथट होता तो टणटणीत यायला लागला की थांबा आणि पुन्हा तापवा. चार-पाच वेळा हे करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत पातेल्याचा काठ वळवतात तो याच क्रमाने. शेजारी राहत असाल तर अर्धा तास उभे राहून बघा.

*बुश.* सेफ्टी व्हॉल्व्ह, वाफेचा नळ आणि गेज यांच्या आट्यांसाठी १० मिमीचे गनमेटल बुश झाळून बसवायचे. २ मिमी पत्र्यात थेट आटा पाडू नका, दोन-तीन वेढेच बसतात. पितळेचे बुशही नकोत. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरतं ते बिस्किटासारखं ठिसूळ, वरून मात्र दिसायला शाबूत.

*फ्लू* तळापासून ५ मिमी वर ठेवा, म्हणजे वर वाफेला जागा राहते. फ्लूच दोन्ही झाकणांना एकत्र धरून ठेवतो; वरच्या मोकळ्या भागात ४ मिमी ब्राँझचा एक आडवा स्टे (एका झाकणापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा गज) टाका.

*ब्रेझिंग.* जोडात ०.०५ ते ०.१५ मिमी फट हवी. फट नसेल तर चांदी आत जात नाही आणि जास्त असेल तर भरून निघत नाही. क्रम असा: आधी नळीवरचे बुश, मग फ्लू आणि पुढचं झाकण, मग ते नळीत, शेवटी मागचं झाकण आणि स्टे. प्रत्येक वेळी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून चकचकीत करून घ्या. नेहमीच्या चुका:

- छोटी हातातली टॉर्च वापरणं. तांबं उष्णता पळवतं. जोड कधीच ६५० अंशांपर्यंत पोचत नाही आणि फ्लक्स जळून काळा पडतो. मोठ्या तोंडाचा एलपीजी बर्नर घ्या आणि बॉयलरभोवती भट्टीच्या विटांची खोली करा. ज्योत तारेवर नको, तांब्यावर हवी. तार तांब्याच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे.
- एसी मेकॅनिककडून काम करून घेणं. त्याच्याकडे फॉस्फरसवाल्या तांब्याच्या कांड्या असतात. त्या तांब्याच्या पाइपला उत्तम, पण जोड ठिसूळ होतो आणि जळणातल्या गंधकाने खाल्ला जातो. तार तुमची द्या.
- साधं शिसं-कथील. ते १८३ अंशांना वितळतं आणि ४० पीएसआयची वाफच १४२ अंशांची असते. पाणी एकदा कमी झालं की संपलं.
- सगळे बुश बंद ठेवून शेवटचं झाकण झाळणं. आतली हवा फुगते आणि वितळलेली चांदी तोंडावर उडते. एक बुश कायम उघडा ठेवा.

काम उघड्यावर किंवा जोराचा पंखा लावून करा. जुन्या साठ्यातली कॅडमियमवाली तार स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिचा धूर विषारी असतो.

८. पाण्याची चाचणी

भारतातला बॉयलरचा कायदा २५ लिटरपेक्षा लहान भांड्याला लागू होत नाही. तुमचा बॉयलर पाव लिटरचा. म्हणजे कुणी तपासायला येणार नाही, तेव्हा तपासणी तुम्हीच आणि कसून करायची. ब्रिटनमध्ये एवढ्या लहान बॉयलरनाही मॉडेलवाल्यांच्या क्लबचा तपासनीस प्रमाणपत्र देतो, त्याशिवाय सार्वजनिक रुळावर घेत नाहीत.

बॉयलर तिरका धरून काठोकाठ पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. हातपंप आणि खात्रीचा मोठा गेज लावा. दाब हळूहळू दुप्पट, म्हणजे ५.६ बारपर्यंत न्या आणि दहा मिनिटं ठेवा. काटा हलता कामा नये, झाकण फुगता कामा नये. घाम आल्यासारखा ओलावा दिसला तर बॉयलर उकळून सुकवा, साफ करा, फ्लक्स लावून पुन्हा तापवा. वरून एम-सील थापायचा विचारही नको. आणि ही चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही करायची नाही. पाणी दबत नाही, म्हणून जोड सुटला तर फक्त गळतं. दाबलेली हवा मात्र बॉयलरचा बाँब करते.

पुढे दरवर्षी दीडपट दाबाला हीच चाचणी करायची आणि तारीख वहीत लिहायची.

९. गॅस आणि बर्नर

ब्यूटेन २० अंशांना साधारण १ बार दाब देतो, ४० अंशांना पावणेतीन. प्रोपेन ४० अंशांना १२ बारच्याही वर जातो. घरच्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून त्यातून ही टाकी भरायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. लायटरच्या रिफिलचा किंवा कॅम्पिंग शेगडीचा ब्यूटेनच वापरा. ब्रिटिश लेखांत टाकी बॉयलरशेजारी ठेवून गरम करायला सांगतात, ते तिकडच्या थंडीसाठी. नागपूरच्या मे महिन्यात टाकी बॉयलरपासून लांब, केबिनच्या मागच्या भिंतीला हवी.

टाकी केवढी घ्यायची हे पाण्यावरून ठरतं, कारण गॅस पाण्याच्या आधी संपला पाहिजे. बॉयलरमध्ये २०० मिली पाणी भरलं आणि फ्लू झाकायला ११० मिली लागतं, म्हणजे वापरायला ९० मिली. या मापाचं इंजिन मिनिटाला ५ मिलीच्या आसपास पाणी पितं. कागदावर हिशेब दोन मिलीचाच निघतो, बाकीचं सिलिंडरच्या भिंती खातात. बर्नर मिनिटाला ०.६ ग्रॅम गॅस जाळतो असं धरा. २८ मिलीची टाकी ८० टक्के भरली तर १३ ग्रॅम, म्हणजे २१ मिनिटं. त्यातली पाच-सहा वाफ धरायला (पाणी गरम भरलं तर), उरलेली सोळा धावायला. खर्च ८० मिली. बेताचं आहे, पण बसतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर उरलेलं पाणी सिरिंजने काढून मोजा आणि हे आकडे तुमच्या इंजिनाचे करून घ्या.

बर्नर म्हणजे १२ मिमीची स्टेनलेस नळी, वरच्या बाजूला बारीक पात्याने कापलेल्या फटी, मागे ०.१५ ते ०.२ मिमीचा जेट आणि जेटजवळ हवेची भोकं. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून उलट बाजूने फुंकर मारा.

१०. नळ्या, तेल, पांघरूण

वाफेची नळी फ्लूमधून एकदा फिरवून सिलिंडरकडे न्या. वाफ कोरडी होते आणि पाणी कमी साचतं. फ्लूमधला तुकडा स्टेनलेसचा असेल तर जास्त टिकतो. बॉयलरला २ मिमी सिरॅमिक पेपर आणि वरून पितळी पत्रा. सिलिंडरलाही तसंच पांघरूण द्या. बहुतेक जण ते विसरतात.

तेलाची कुपी वाफेच्या नळीला ०.५ मिमी भोकाने जोडलेली असते. वाफ कुपीत थंड होते, पाणी तळाशी बसतं, तेल वर उचललं जाऊन नळीत जातं. यात स्टीम सिलिंडर ऑइलच हवं, ४६० ग्रेडचं. त्याच ग्रेडचं गिअर ऑइल हुबेहूब तसं दिसतं, पण ईपी जातीच्या तेलातलं गंधक गरम ब्राँझला खातं. इंजिन ऑइल तर वाफेत धुऊनच जातं.

पाणी गाळलेलं पावसाचं किंवा डिस्टिल्ड. बोअरचं पाणी पाच-सहा फेऱ्यांत फ्लूवर पांढरा थर धरतं.

११. पहिली वाफ

१. कुपीत तेल भरा, आस आणि रॉडना साधं मशीन ऑइल.
२. २०० मिली गरम पाणी सिरिंजने मोजून भरा, बूच लावा.
३. गॅस सगळ्यात शेवटी आणि उघड्यावर भरा. ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. भरल्यावर दोन मिनिटं थांबा.
४. पेटता लायटर धुराड्याच्या तोंडावर धरा, मग गॅस अगदी हळू उघडा. टप् आवाज करून ज्योत फ्लूमध्ये मागे सरकेल.
५. दाब ४० पीएसआयला गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला पाहिजे. नळ बंद, आग पूर्ण, तरी काटा ४४ च्या वर जाता कामा नये. गेला तर गॅस बंद करा. व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्याशिवाय पुढे नाही.
६. आता नळ जरासा उघडा आणि इंजिन हाताने पुढे-मागे चार-पाच फेरे ढकला. धुराड्यातून तेलकट पाणी उडेल, चेहरा लांब ठेवा. सिलिंडर गरम झाले की पाणी थांबतं आणि इंजिन हात सोडवून घेतं.

१२. बिघडलं तर

- ज्योत धुराड्याखालच्या पेटीत जळते, धुराडं लाल होतं : गॅस जास्त आहे किंवा हवा कमी. गॅस बंद करून पुन्हा पेटवा.
- शिट्टीसारखा सतत आवाज : हवेच्या भोकांवर कडी बसवून ती थोडी फिरवा.
- दाब भरपूर, पण इंजिन अडखळतं : सिलिंडर थंड आहेत, पहिल्या वाफेसारखे फेरे ढकलून गरम करा. तरीही अडखळलं तर पुन्हा भाग ६ मधली हवेची परीक्षा.
- एका बाजूला दोन फुस्कारे, दुसरीला एक : त्या बाजूच्या व्हॉल्व्हचा दांडा सरकला आहे.
- पाच मिनिटांत दम जातो : धुराड्यातून उभं असतानाही वाफ येते का बघा. येत असेल तर स्लाइड व्हॉल्व्ह गळतो, पुन्हा काचेवर घासा.
- धुराड्यातून सतत पाणी : बॉयलर जास्त भरला आहे किंवा आत तेल गेलं आहे.

शेवटच्या दोषाचं मूळ आदल्या वेळच्या आवराआवरीत असतं. गॅस संपल्यावर नळ उघडा ठेवून इंजिन तसंच सोडलं, तर बॉयलर थंड होताना आत पोकळी होते आणि ती कुपीतलं तेल ओढून घेते. मग पुढच्या वेळी पाणी साबणासारखं फेसाळतं. म्हणून दाब थोडा असतानाच नळ बंद करा. काटा शून्यावर आला की बूच हळूच सैल करा, फुस्स झालं की पूर्ण काढा. मग कुपीच्या तळातलं पाणी सोडा, सिलिंडरमध्ये तेलाचे दोन थेंब टाकून चाकं दहा वेळा फिरवा आणि बूच उघडंच ठेवून इंजिन फळीवर ठेवा.